अकरावी-बारावीचे विषय कसे निवडावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. दहावीचा निकाल लागला की पुढचे दोन-अडीच महिने प्रवेशाच्या टेबलावर बसते. खालचे प्रश्न तिथे आणि फोनवर दरवर्षी येतात. शब्द शक्यतो मुलांचे आणि पालकांचेच ठेवले आहेत. उत्तरं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मुलांना धरून आहेत. नियमांत दरवर्षी थोडाफार फरक होतो, म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचाच.

१. अकरावीला एकूण विषय किती? दहावीसारखेच असतात का?

सहा विषय, प्रत्येकी १०० गुणांचे. इंग्रजी सक्तीचं. दुसरी एक भाषा, किंवा कॉलेजात सोय असेल तर तिच्या जागी आयटी (माहिती तंत्रज्ञान). उरलेले चार विषय शाखेचे. यांखेरीज पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे श्रेणीचे विषय आहेत. ते टक्केवारीत धरत नाहीत, पण टाळताही येत नाहीत. पास व्हायला प्रत्येक विषयात ३५ गुण लागतात. भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांना ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिक, तर गणिताला आणि भाषांना ८० आणि २०.

दहावीला विषय जवळपास ठरलेले असतात. इथे निवडायचे असतात, आणि प्रत्येक कॉलेज प्रत्येक विषय शिकवत नाही. म्हणून ‘कुठलं कॉलेज’ याआधी ‘कुठले विषय’ हे ठरवा.

२. पीसीएम, पीसीबी, पीसीएमबी यांत नेमका फरक काय? कशाला काय लागतं?

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र तिन्हींत आहेत. पुढे गणित घेतलं तर पीसीएम, जीवशास्त्र घेतलं तर पीसीबी, दोन्ही ठेवले तर पीसीएमबी.

इंजिनीअरिंगला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा पीसीएम गट द्यावा लागतो. आयआयटी-एनआयटीसाठी देशपातळीवरची जेईई, तिथेही पीसीएम. आर्किटेक्चरला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांना नीट ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा लागते, त्यामुळे जीवशास्त्र असलंच पाहिजे. व्हेटर्नरी आणि फिजिओथेरपीलाही आपल्याकडे नीटच.

बी. फार्मसी दोन्ही बाजूंनी होते. भौतिक, रसायन आणि सोबत गणित किंवा जीवशास्त्र, एवढं पुरतं. हे अनेकांना माहीत नसतं. ‘फार्मसी करायची म्हणजे बायो हवंच’ असं ऐकून न आवडणारं बायो दोन वर्षं ओढणारी मुलं मी पाहिली आहेत. बी.एस्सी. ॲग्रीचंही तसंच आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या प्रवेशाला एमएचटी-सीईटीचा कोणताही गट चालतो.

३. मुलाचं काही ठरलेलं नाही. मग गणित आणि बायो दोन्ही ठेवावेत का?

खरंच ठरलेलं नसेल तर हो, ठेवा. अकरावीच्या जूनमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला आयुष्याचं काम माहीत असावं, ही अपेक्षाच चूक आहे. दोन्ही विषय ठेवल्याने मिळणारा वर्ष-दीड वर्षाचा अवधी मोलाचा असतो.

पण त्याची किंमत आहे. दोन्हींचा अभ्यासक्रम मोठा आहे, आणि बारावीच्या दिवाळीनंतर सीईटी, नीट आणि बोर्ड तिन्हींची तयारी एकदम अंगावर येते. मी मुलांना एक साधं काम देते. ऑगस्टपर्यंत दोन्ही विषयांची एकेक प्रकरणं स्वतःहून, क्लास न लावता सोडवून बघायची आणि कुठल्या वहीकडे हात आधी जातो ते पाहायचं. गणिताची वही शनिवारी आपोआप उघडली जाते आणि बायोची आईने सांगितल्यावर, हे दोन महिन्यांत मुलाला स्वतःलाच कळतं.

‘गणित अवघड जातं म्हणून सोडतोय’ आणि ‘गणित लागणार नाही म्हणून सोडतोय’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या कारणाने सोडणार असाल तर आधी प्रश्न २, ५ आणि १२ वाचा. सोडलेला विषय नंतर मिळवायचा म्हणजे काय, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

४. आयटी, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स यांत गोंधळ होतो. बायफोकल म्हणजे काय?

आयटी हा १०० गुणांचा एकच विषय, दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येतो. त्याने शाखेच्या विषयांना धक्का लागत नाही.

बायफोकल म्हणजे २०० गुणांचा व्यवसाय विषय. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स, फिशरीज ही त्याची उदाहरणं. तो दोन विषयांची जागा घेतो, दुसऱ्या भाषेची आणि शाखेच्या एका विषयाची. म्हणजे पीसीएमबरोबर कॉम्प्युटर सायन्स घेतलं की जीवशास्त्र गेलं. हे फॉर्मवर कुठे ठळक लिहिलेलं नसतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. ‘कॉम्प्युटरला मार्क चांगले पडतात’ म्हणून तिने बायफोकल घेतलं. बारावीच्या दिवाळीत आजोबा आठवडाभर दवाखान्यात होते, ती रोज डबा घेऊन जायची. परत आली ती ‘बाई, मला मेडिकललाच जायचंय’ म्हणत. विषयांच्या यादीत जीवशास्त्र नव्हतं. स्टाफरूमच्या दारात उभी राहून ती गुणपत्रिकेच्या झेरॉक्सकडे बघत होती, ते मला अजून दिसतं. पीसीएमवर बी. फार्मसी होते हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढे तिने तेच केलं आणि मनापासून केलं. पण ते जूनमध्ये कळायला हवं होतं, आणि ते सांगायचं काम आमचं होतं.

बायफोकलचे गुण खरोखर चांगले मिळतात आणि प्रात्यक्षिकाने हात तयार होतो. जीवशास्त्र लागणारच नाही अशी खात्री असेल तर जरूर घ्या.

५. कॉमर्सला गणित घ्यावं की एसपी?

बीके (पुस्तपालन व लेखाकर्म), इको (अर्थशास्त्र) आणि ओसी (वाणिज्य संघटन) बहुतेक ठिकाणी ठरलेले असतात. निवड गणित आणि एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) यांतच असते. एसपी पाठांतराने निघतं, त्यामुळे गर्दी तिकडे.

माझं मत विचाराल तर दहावीला गणित बरं गेलेल्या मुलाने कॉमर्सला गणित सोडू नये. सीए फाउंडेशन कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येतं, बारावीला गणित असण्याची अट नाही. पण त्याच्या चार पेपरांतला एक पेपर व्यवहारगणित, संख्याशास्त्र आणि तार्किक विचारक्षमतेचा आहे. दोन वर्षं गणिताला हात न लावलेलं मूल तिथेच अडतं. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं तर बारावीला गणित लागतं. संख्याशास्त्र आणि विम्यातलं ॲक्च्युअरीचं, म्हणजे जोखमीचा हिशोब मांडण्याचं काम तर गणितावरच उभं आहे.

कॉमर्सचं गणित आणि सायन्सचं गणित यांची पुस्तकं वेगळी असतात. शेजारच्या सायन्सच्या मुलाची पुस्तकं आणून तयारी सुरू करू नका.

६. आर्ट्स घेतलं तर पुढे काय? घरचे ऐकतच नाहीत.

यूपीएससी आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेची बारावी चालते, राज्याची सीईटी द्यावी लागते. मानसशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र हे विषय बारावीलाच सुरू केले तर पदवीला पाया पक्का असतो. जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमालाही आर्ट्सची मुलगी जाऊ शकते, इंग्रजीसह बारावी ४० टक्क्यांनी पास हवी. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र पीसीबीच.

आर्ट्सच्या मुलालाही गणित हा विषय घेता येतो. कॉलेज शिकवत असेल तर अर्थशास्त्राबरोबर गणित ही जोडी फार चांगली.

घरच्यांचं म्हणाल तर पालकांना शाखेचं नाव ऐकून भीती वाटते, कारण पुढचा रस्ता त्यांना दिसत नाही. तो कागदावर लिहून दाखवा. बारावी, मग कुठली पदवी, कुठल्या गावी, खर्च किती, शेवटी कुठली परीक्षा किंवा काम. असा कागद घेऊन आलेल्या मुलाच्या वडिलांनी सही केलेली मी बऱ्याचदा पाहिली आहे.

७. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. सायन्स झेपेल का?

झेपतं. पहिले तीन-चार महिने मात्र जड जातात, कारण सायन्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवतात. मूल विषय विसरलेलं नसतं, फक्त शब्द ओळखत नसतं. ‘त्वरण’ त्याला उत्तम येत असतं, ‘ॲक्सिलरेशन’ म्हटलं की ते गप्प होतं.

मी पहिल्या आठवड्यात दोनशे पानी वही करायला सांगते. डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत आणि इंग्रजीत, उजवीकडे दहावीतला मराठी शब्द: व्हॅलन्सी – संयुजा, कॅटॅलिस्ट – उत्प्रेरक, मोमेंटम – संवेग, ऑस्मोसिस – परासरण. रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत वही भरते आणि मूल वर्गात हात वर करू लागतं.

नीट आणि जेईई मेन दोन्ही मराठीतून देता येतात. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही असतात, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. पीसीएमवाल्यांनी गणिताचे इंग्रजी शब्द आधीपासूनच जवळ करावेत.

८. आता सगळं सीईटीवरच आहे ना? मग बारावीचे मार्क कशाला?

हा गैरसमज दरवर्षी चार-पाच मुलांचं वर्ष खातो. प्रवेशाची यादी सीईटीवर लागते हे खरं, पण यादीत नाव यायला बारावीची पात्रता लागते. राज्यातल्या इंजिनीअरिंगला संबंधित विषयांत मिळून ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०. नीटवाल्यांना पीसीबीत ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४०. आयआयटी-एनआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५ टक्के.

जेईईचा आकडा उत्तम आणि बारावीला ७१ टक्के, असा मुलगा बघताना जीव तुटतो.

९. अकरावी नुसती पास झालो तरी चालतं का?

एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे असतात. तिथे उणे गुण नाहीत. गणिताचा प्रश्न दोन गुणांचा, बाकीच्यांचा एक. नीट आणि जेईईत मात्र दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम सरसकट येतो. अकरावीचं पुस्तक रद्दीत टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१०. क्लासशी टाय-अप असलेल्या कॉलेजात घालावं का? तिथे कॉलेजला जावंच लागत नाही म्हणतात.

माझा याला स्पष्ट विरोध आहे. मी प्रयोगशाळेत उभी असते, म्हणून सांगते. अनुमापनात ब्युरेटची तोटी डाव्या हाताने कशी धरायची, रंग फिका गुलाबी झाला की नेमकं कुठे थांबायचं, हे व्हिडिओ बघून येत नाही. आठ-दहा वेळा ओतून, चुकून, पुन्हा भरून येतं. बोर्डाचे ३० गुण त्याचे आहेत. शिवाय मंडळाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, आणि तपासणी झाली की भोगतं ते मूल.

क्लास लावायचा तर लावा, कॉलेज सांभाळून लावा. रोज येण्या-जाण्याचा हिशोबही आधी करा. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे, इतर विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत. पण शेवटची गाडी सुटली तर मुलगी प्रॅक्टिकल अर्धवट टाकून निघणार, तेव्हा वेळापत्रक बघूनच कॉलेज ठरवा.

११. ऑनलाइन फॉर्ममध्ये कॉलेजांचा क्रम कसा लावायचा? कागदपत्रं कुठली?

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. आधी हे मुंबई, पुणे-पिंपरी, नाशिक, नागपूर आणि अमरावती इथेच होतं. भाग १ मध्ये स्वतःची माहिती, गुण आणि आरक्षण. भाग २ मध्ये पसंतीक्रम, किमान एक आणि जास्तीत जास्त दहा.

पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून पहिला क्रमांक उगाच ‘बघू तरी’ म्हणून भरू नका. आणि एकच कॉलेज भरून थांबू नका.

जातीचा दाखला, मुदतीतलं नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाईल आणि आधारवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतं का, हे मे महिन्यातच पाहा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या वर्षी कॉलेजमार्फत करा. बारावीचा निकाल लागल्यावर जात पडताळणी समितीच्या दारात रांग लावणाऱ्यांत तुम्ही असू नका.

१२. एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जायचं तर कुठली शाखा?

लष्करासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवं. पण लेखी परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर सर्वांनाच असतो, सोबत ६०० गुणांची सामान्य क्षमता चाचणी. म्हणून कागदावर आर्ट्स चालत असलं तरी गणिताची तयारी लागतेच. बारावीत शिकत असतानाच अर्ज करता येतो. मुलींनाही आता परीक्षा खुली आहे.

१३. अकरावी करावी की सरळ डिप्लोमा? आयटीआयचं काय?

हाताने काम करायची ओढ असेल आणि घरात लवकर कमाईची गरज असेल, तर इंजिनीअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा चांगला रस्ता आहे. तो झाल्यावर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश आहे, तसाच बारावी सायन्सवाल्यालाही. आयटीआयचं क्रेडिट बोर्डाकडे वळवून बारावीच्या परीक्षेला बसायचीही सोय आहे. त्यामुळे ‘आयटीआयला गेला म्हणजे शिक्षण संपलं’ हे कुणी म्हणत असेल तर ऐकू नका.

डिप्लोमा घेतला की मेडिकलचा विचार मात्र मनातून काढावा लागतो.

१४. पीसीएम घेऊन बारावी झाली. आता नीट द्यायची आहे. काही उपाय?

आहे. पूर्वी हे अशक्यच धरलं जायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं की मान्यताप्राप्त मंडळातून बारावी पास झाल्यानंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र दिलेला विद्यार्थीही नीटला पात्र आहे. आपल्या मंडळातही ‘तुरळक विषय’ म्हणून एकेक विषय देता येतो. पण त्यात वर्ष जातं, आणि प्रात्यक्षिकाची सोय लावावी लागते. हा मार्ग अडलेल्यांसाठी आहे. ‘आत्ता सोडू, नंतर देऊ’ असा बेत अकरावीतच करू नका.

१५. सायन्स झेपत नाहीये. मध्येच शाखा बदलता येते का?

अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांत, जागा असेल तर, कॉलेजात लेखी अर्ज करून बघा. जितका उशीर तितकं अवघड. बारावी सायन्स करून पुढे बी.ए., बी.कॉम., कायदा यांकडे सहज जाता येतं. उलट दिशेने, आर्ट्स किंवा कॉमर्सवरून बी.एस्सी. किंवा इंजिनीअरिंगला, सहसा जाता येत नाही.

अर्ज करण्याआधी मुलाशी एकदा शांत बोला. ऑक्टोबरमध्ये रडणाऱ्यांतली निम्मी मुलं विषयाला कंटाळलेली नसतात, प्रश्न ७ मधल्या अडचणीत असतात.

१६. नापास झालो किंवा मार्क कमी पडले तर?

दहावीला एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत बसता येतं, राहिलेले विषय जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत सोडवून टाका. बारावी पास आहात पण टक्के कमी आहेत, उदाहरणार्थ प्रश्न ८ मधल्या अटीत बसत नाही, तर श्रेणीसुधारची परीक्षा लागोपाठच्या तीन संधींत देता येते.

१७. मुलगा दहावीनंतर कोट्याला गेला आहे. बारावी राजस्थानातून दिली तर चालेल ना?

बारावी म्हणून चालेल, पण आपल्या राज्यातल्या मेडिकलच्या ८५ टक्के जागांसाठी अडेल. त्या जागांना दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि डोमिसाईल अशी अट आहे. क्लास कुठेही करा, पण बारावीची नोंदणी इथल्या कॉलेजात आहे का, ते आज तपासा. परीक्षेचा फॉर्म भरून झाल्यावर कुणाच्याच हातात काही उरत नाही.

१८. आम्ही बेळगावकडचे, मराठी भाषक. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगला जागा मिळते का?

मिळते. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या प्रवेश नियमांत वेगळा प्रकार आहे. त्याचे दाखले वेगळे असतात. अकरावीतच त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतला नमुना काढून स्थानिक शाळेतून दाखला तयार करायला घ्या.

१९. मुलीच्या पुढच्या फीचं कसं करायचं? म्हणून आत्ताच साधे विषय घ्यावेत असं वाटतं.

फीच्या भीतीने विषय कमी करू नका. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासकीय प्रवेशप्रक्रियेतून जागा मिळालेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ती मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढा. वसतिगृह आणि मेस यांचा खर्च वेगळा धरा, खरं ओझं तिथे असतं.